माझ्या नावावरचा खोकला

नात दिवाळीला घरी आली की आधी माझ्या अंबाड्याला हात घालते. लहानपणापासूनची खोड आहे तिची. यंदाही तेच केलं. अंबाड्यातला एक आकडा उपसला, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "आजी, मी दिवसभर हेच बनवते."

"आकडे? एवढं शिकून? शेगावले देवळाच्या रस्त्यावर बाया टोपलीत घेऊन बसतेत ते?"

ती पोट धरून हसली. पुण्याला कुठल्याशा प्रयोगशाळेत कामाला आहे पोरगी. मला समजावून सांगायची तिला हौस भारी, आणि मलाही ऐकायची. शाळा मला फारशी लाभली नाही. जे वाचायला आलं ते रद्दीच्या कागदावरून, ते कसं ते पुढे येईलच.

तर ती म्हणाली, माणसाच्या अंगात, झाडात, रोगाच्या जंतूतसुद्धा एक बारीक धागा असतो, डीएनए त्याचं नाव. प्रत्येकाच्या धाग्याची वीण वेगळी. ही माणसं तसलाच एक छोटासा धागा यंत्रावर मापून बनवतात. तो आकड्यासारखा दुमडलेला असतो. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला त्या दिव्याचं झाकण. दुमडलेला आहे तोवर दिवा झाकलेला. रोग्याच्या थुंकीतून काढलेल्या पाण्यात तो सोडायचा. त्यात टीबीच्या जंतूची वीण असली तर आकडा उलगडतो, तिला जाऊन चिकटतो, झाकण दूर होतं आणि दिवा लागतो. नसली तर अंधार. असं म्हणत तिने माझ्या आकड्याची दोन्ही टोकं फाकवून दाखवली.

"म्हणजे गुंडी आपल्याच काजात बसते, तसं," मी म्हटलं.

"बरोब्बर! आजी, तू माझ्या साहेबांपेक्षा लवकर समजलीस."

"बरं मंग, तुहा आकडा थुंकी कोणाची आहे तेही सांगते काय?"

"छे. तो फक्त जंतू आहे की नाही ते सांगतो. थुंकी कोणाची ते डबीवर लिहिलेलं असतं ना." मग म्हणाली, "शोधायचंच म्हटलं तर माणसाची वीण तपासूनही सांगता येतं आता. पण कशाला? थुंकी कोण बदलणार आहे, आजी?"

मी करंज्यांचं निमित्त करून आत गेले. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती आणि नणंद यायची होती.

आता सांगते. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, त्या दिवसांतली गोष्ट. आमचं सासर वरवट बकालच्या बाजूचं. विहिरीवरचा मळा, वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक. बाजाराच्या दिवशी भाजी तिथेच जायची. घरात सासू, माझे मालक, मी आणि नणंद. मोजकी माणसं. सासरा आधीच गेलेला. नणंद माझ्याहून थोडीशीच लहान. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा कोणाचा आवाज ऐकला की दचकायचे. तिने मला हाताला धरून मळा दाखवला, विहिरीत कुठे वाकायचं नाही ते सांगितलं, सासूचा राग कोणत्या भाजीने उतरतो तेही सांगितलं. म्हणायची, "वहिनी, माय चिडली की भरल्या वांग्यात तेल ज्यादा टाक. मंग पाह्य." एका ताटात जेवायचो आम्ही. वेणी तिची मी घालायची, माझी तिने. मला सख्ख्या बहिणी आहेत, पण सांगते, त्या घरात मला बहीण मिळाली असंच मी माहेरी जाऊन सांगत होते.

मला मुलगा झाला. त्याच्या कानात कुर्र करून नाव ठेवलं ते तिनेच, आत्याचा मानच तो. त्याच सुमारास तिची सोयरीक जमली, मेहकरकडे, हिवरा आश्रमाच्या जवळच्या एका गावात. घर चांगलं, बैलजोड्या, पक्की विहीर. सासूचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि लाल मिरचीचा हंगाम आला. आमच्याकडे त्या दिवसांत कोण खोकत नाही? ओसरीभर मिरची वाळत घातलेली, आम्ही दोघी पदर नाकाला बांधून देठं खुडत बसलेल्या. मीही खोकायची, तीही खोकायची. सासू म्हणायची, "दोघी कोकलून राह्यल्या कोंबड्यावानी." हंगाम सरत आला तसा माझा खोकला उतरला, तिचा उतरेना. संध्याकाळी अंग कोमट लागायचं तिचं. गालफडं बसली. मी विचारलं की म्हणायची, "लग्नाचा घोर हाय वहिनी," आणि हसता हसता खोकायची.

एके दिवशी सरकारी दवाखान्याचा माणूस गावात फिरला. जुना खोकला असणाऱ्याने सकाळी उठल्या उठल्या, चूळ न भरता, झाकणाच्या डबीत थुंकी आणून द्यावी, तपासणी होते, सांगून गेला. सासूने आम्हा दोघींना सांगितलं, द्या. घरात झाकणाच्या डब्या कुठल्या? कुंकवाच्या दोन रिकाम्या डब्या होत्या, राखेने घासून लख्ख केलेल्या. एक माझी, माहेरची, झाकणावर मोर होता. एक नणंदेची, साधी. मला कसंतरीच झालं कुंकवाच्या डबीत थुंकताना. नणंद म्हणाली, "अवं, देवाले दिसत नाई सकायी सकायी, थुंक." आम्ही हसलो. दोन्ही डब्या फडक्यात बांधून सासूने मालकांच्या हातात दिल्या. ते सायकलवर गेले.

काही दिवसांनी ते परत दवाखान्यात जाऊन आले. मी ओसरीत बाळाला पाजत बसले होते. ते उंबऱ्यात उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही, आईकडे पाहून म्हणाले, "इच्यात निघाला. टीबी."

"आन माह्या पोरीत?"

"तिचं साफ आहे."

सासू तशीच उठली. पुढे आली आणि दूध पिता पिता बाळ माझ्या मांडीवरून उचललं. त्याच्या ओठाला दूध लागलेलं होतं. ते रडायला लागलं तसं तिने ते नणंदेच्या कडेवर दिलं. नणंद दाराआड उभी होती. तिने बाळ घेतलं आणि आत गेली.

त्याच दिवशी मला मळ्यातल्या खोपीत ठेवलं. ताटली वेगळी, गडवा वेगळा, वाकळ वेगळी. गावात सगळीकडे बोभाटा झाला. माझ्या माहेरीही कळलं, आणि माझ्या पाठच्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडलं. टीबीवालीची बहीण कोण करणार? माझी आई एकदा येऊन बांधावरून मला पाहून गेली. जवळ आली नाही, तिला घरी बाकीची लेकरं होती. मी तिला दोष देत नाही.

दूध आटायला किती त्रास होतो ते बायकांना सांगायला नको. छाती दगडासारखी व्हायची. मी वांग्याच्या वाफ्यात पिळून टाकायची. पुरुषांनी वाचलं तर वाचू द्या.

भाकर घेऊन यायची ती नणंद. दुरून पदर तोंडावर धरून ताटली ठेवायची आणि पलीकडे बांधावर बसायची. बाळ पालथं पडलं, बाळाला दात आला, बाळ बकरीचं दूध चांगलं पितं, असं सगळं सांगायची. सांगता सांगता रडायची. मीच तिला म्हणायची, "रडू नको वं, तू हाय म्हणून त्याले आईची कमी नाई." रोज आशीर्वाद दिला मी तिला. भाकरीबरोबर भाजीच्या गिऱ्हाइकांसाठी आणलेली रद्दी ती मला आणून द्यायची, तीही माझ्याच विनंतीवरून. शाळेत अक्षरं गिरवली होती, ती त्या रद्दीवर पुन्हा जुळवत बसायची मी. वेळ कुठे घालवू? हात बाळाला शोधायचे.

मालकांना मी दोनदा तीनदा विचारलं, "डाक्तर गोळ्या देत नाई काय? टीबीच्या गोळ्या निघाल्या म्हनतेत."

"सरकारी हायेत. आल्या नाई अजून. तू काढा पेत जाय."

काढा कुणा वैदूचा होता, कडूजहर. मी डोळे मिटून प्यायची, का तर लवकर बरी झाले की बाळ हातात येईल. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आता यातली गंमत पाहा. मी तिकडे ताजी भाजी खाऊन, उघड्या हवेत, चांगली गरगरीत झाले. खोकला नाही, ताप नाही. नणंदेचेही गाल भरले. मला आनंदच झाला, म्हटलं लग्नाचं तेज आलं पोरीला.

मग एक दिवस ताटली ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाळ खोकलते जरासं दोन चार दिवसापासून. मानीले गाठही लागते हाताले. माह्याजवळच झोपते ना, त समजते मले."

ताटली तशीच राहिली. माझ्या मनात एकच आलं, माझ्या दुधातून गेलं त्याला. मीच दिलं. बाजाराची गाडी निघत होती, गाडीवानाला हात जोडले आणि मागे भाजीच्या पाट्यांशेजारी बसले. तोही बिचारा तोंड फिरवून बसला, पण उतर म्हणाला नाही.

दवाखान्यात डॉक्टर मध्यम वयाचे, चिडके. मी पदर तोंडावर धरून सांगितलं, मले टीबी हाय, आता लेकरू खोकलते, गोळ्या केव्हा येतीन त्या सांगा, मले जल्दी बरं व्हाचं हाय.

"येतील म्हणजे? गोळ्या दर महिन्याला तुमचे मालक नेतात की!"

"मी त एकही पाह्यली नाई साहेब."

ते ओरडणारच होते. मग माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पाठीला नळी लावली. एक डबी हातात दिली आणि म्हणाले, "खोल खोका आणि इथे, माझ्यासमोर थुंका." मी बाकावर बसून पाहत होते. त्यांच्या माणसाने काचेवर थुंकी पसरवली, खालून ज्योत धरली, लाल रंग ओतला, धुतला, निळा ओतला. डॉक्टर भिंगाच्या यंत्रावर वाकले ते कितीतरी वेळ वाकलेलेच.

"हा जंतू लाल काडीसारखा दिसतो," ते म्हणाले. "तुमच्या काचेवर एकही नाही. आणि गोळी खाल्ल्याशिवाय हा जात नाही असा. बाई, पहिली थुंकी तुमची नव्हती." मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "घरात आणखी कोण खोकत होतं?"

ओसरीत मिरची खुडत खोकणारी नणंद माझ्या डोळ्यांसमोर आली.

"आणि मूल कोणाजवळ झोपतं?"

तेवढ्यावर मी उठले. घरी कशी आले ते आठवत नाही. आठवतं ते हे, की ओसरीत नणंद बाळाला कडेवर घेऊन उभी होती, त्याला चिमणी दाखवत होती. मी सरळ जाऊन बाळ तिच्या कडेवरून ओढून घेतलं.

"शिवू नोको त्याले!" सासू आतून धावली.

"मामीजी, गोळ्या कोण खाते?" मी सासूला विचारलं.

मालक खुंटीवरच्या टोपीकडे पाहत होते. बाळ माझ्या हातात आक्रस्ताळेपणा करून नणंदेकडे हात पसरत होतं.

"डब्या कोणं बदलल्या?"

"मायनं सांगतलं," मालक म्हणाले. "मी काय करू?"

सासू ओशाळली असेल असं तुम्हाला वाटेल. छे. ती मला समजावायला लागली, लहान मुलाला समजावतात तसं. "हे पाह्य बाई, तुहं लगन झालं, पोरगा झाला. तुले कोण टाकून देते? तिचं जमून मोडलं असतं त जनमभर घरात राह्यली असती. म्हणून म्हटलं, निघालं त तुह्या नावानं निघू दे. आन नाई निघालं त काय बिघडलं?"

"आन माहं लेकरू तिच्याजवळ निजवलं!"

"मंग? तिचं त साफ निघालं ना. डाक्तरनंच सांगतलं."

ती खोटं बोलत नव्हती. स्वतःच डब्या बदलायला लावल्या, आणि मग दवाखान्याने सांगितलेलं खरं धरलं. दुखणं जिच्या नावावर निघालं तिच्या अंगात गेलं, असं तिच्या मनाने मानलंच होतं. मग पोरीला गोळ्या कशाला देत होती? तर म्हणाली, "ताकतीसाठी. लग्नाची पोरगी हाय."

मी नणंदेकडे वळले. तिला तर ठाऊक होतं ना? मोराची डबी माझी हे तिला ठाऊक, आणि महिनोन् महिने गोळ्या खात होती तीच.

"तू त रोज येत होती मळ्यात," मी म्हटलं.

ती खाली मान घालून म्हणाली, "मी काऊन सांगू वहिनी? सांगतलं असतं त माहं काय झालं असतं?"

सासूचं मी समजू शकते, आई होती ती. मालकांचंही एक वेळ. पण ही माझ्यासमोर बांधावर बसून रडायची. ते रडू खोटं नव्हतं, मला आजही वाटतं. खरं रडत होती आणि सांगत नव्हती. मला ते पुढे कधी गिळता आलं नाही.

बाळाला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. लहान लेकरू थुंकत नाही, त्याच्या हाताला बारीक सुई टोचून पाहिलं, ती जागा लाल होऊन टरारून फुगली. गोळ्या कुटून मधातून द्यायचे मी, महिनोन् महिने. मानेची गाठ फुटली, सुकली. त्याचा वण अजून आहे. पोरगा वाचला. त्याचीच ही लेक, आकडे बनवणारी.

डॉक्टरांनी मालकांना असं झापलं की ते नणंदेलाही घेऊन गेले, डोक्यावरून पदर ओढून. तिथे तिच्या गोळ्या तिच्या नावावर झाल्या. गोळ्यांनी तिची थुंकी साफ झाली, लग्नाला हरकत नाही, म्हणाले डॉक्टर. पण ते दवाखान्यात. गावात दुखणं माझ्याच नावावर राहिलं. मी ओरडून सांगितलं नाही असं नाही. शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बिचारी, आपलं नणंदेवर घालते." मग कोणाकोणाला सांगू?

लग्नाच्या वेळी सासू म्हणाली, "व्याही मंडळीले तुह्या बिमारीचं ठाऊक हाय. भेतीन ते. चार रोज मळ्यात राह्य." मी राहिले. या वेळी बाळ माझ्याजवळ होतं. वाजंत्री मळ्यापर्यंत ऐकू येत होती आणि ते माझ्या मांडीवर बसून आत्यासाठी रडत होतं.

त्यानंतर हळदीकुंकवाला माझ्या हातचं वाण घेताना बायका पदराने धरायच्या. पंगतीत पाणी वाढायला मला कोणी बोलावलं नाही. आणि नणंद सणाला माहेरी आली की सासरची माणसं बरोबर असायची. मी पाण्याचा गडवा पुढे केला की ती म्हणायची, "तहान नाई वहिनी." आपला तांब्या घेऊन यायची ती. पहिल्यांदा केलं तेव्हा मी समजले, सासरच्यांसमोर करावं लागतं तिला. पुढे सासरचे नसतानाही करायला लागली.

सासू गेली, मालकही गेले. मालकांनी एकदाच, शेवटल्या आजारात, मला म्हटलं होतं, "तवा चुकलं." तवा म्हणजे कधीचं, ते मी विचारलं नाही. मुलाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. मानेवरचा वण तो गळवाचा समजतो. आत्यावर जीव आहे त्याचा.

तर यंदाची भाऊबीज. भाऊ नसला तरी माहेर म्हणून येते ती. पाठ वाकली आहे, दात गेलेत. मुलाने हात धरून खुर्चीत बसवलं. नातीने पाया पडून तिलाही आपलं आकड्याचं सांगायला घेतलं, थुंकी, जंतू, दिवा. नणंद हसून हसून मान हलवत होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती.

मी पेला भरून आणला. तिने सवयीने पिशवीत हात घातला आणि प्लास्टिकची बाटली काढली.

"आत्याआजी, आमचं पाणी चांगलं आहे की!" नात म्हणाली.

मी पेला पुढेच धरून ठेवला. म्हटलं, "पे. आता त कोणी पाह्यत नाई. आन माह्या घरचं पाणी साफच होतं, तुले त ठाऊक हाय."

तिने पेल्याकडे पाहिलं. मग बाटलीचं झाकण फिरवता फिरवता म्हणाली, "सवय लागली, वहिनी."

मुलगा बाहेरून आला, तहानलेला होता. माझ्या हातातला पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. "तुम्ही सगळ्या अशा काऊन बसल्या?" म्हणाला. नात एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होती. आदल्या दिवशीचा माझा प्रश्न तिला आठवला असावा. पुण्याला परत जायच्या आधी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आजी, थुंकी कोणाची होती?"

तिच्यासाठी हे लिहिलं. बापाला वाचायला द्यायचं की नाही, ते तिने ठरवावं.